धागा कुठं तुटला?



आज आधी एक कोडं घालते. जागं झाल्याबरोबर ओरडतं, पण रडत नाही. 'माझं घर कुठं? माझं घर कुठं?' म्हणून साऱ्या खोलीला विचारतं. ज्यानं आधी उत्तर दिलं, त्याचंच ऐकतं. ओळखा पाहू मी कोण?

नाही ना आलं? असू दे. उत्तर आजच्या गोष्टीतच आहे. गोष्ट आमच्या शाळेतल्या संगणक खोलीची आहे आणि खरं सांगायचं तर तुमच्या बाईंच्या फजितीची आहे.

आमचं विटा म्हणजे मागांचं गाव. कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांची खटाखट ऐकू येणारच. दुसरा इथला धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतली कितीतरी माणसं या धंद्यासाठी देशभर जाऊन राहिली आहेत. अशाच एका गलाईवाल्या माजी विद्यार्थ्यानं आमच्या शाळेला दहा जुने संगणक पाठवले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुधारणा थांबल्या, तेव्हा एका कचेरीनं ते काढून टाकले होते. पत्र्याचे डबे म्हणून भंगारात जायचे, ते आमच्याकडं आले.

मुलं तर नाचायला लागली. मी मात्र हिशेब करत बसले. एका संगणकावर लिनक्स बसवायचं, मराठी टंकलेखन लावायचं, चित्रं काढायचा टक्स पेंट आणि खेळता खेळता शिकवणारा जीकॉम्प्री घालायचा. यात दोन तास सहज जातात. दहा संगणकांना वीस तास! आणि महिन्याभरात कुणीतरी काहीतरी पुसलं की पुन्हा पहिल्यापासून.

साचा म्हणजे काय?

गणपतीच्या कारखान्यात कधी गेलात का? तिथं कारागीर एक मूर्ती जीव ओतून घडवतो. मग तिचा साचा काढतो. त्या साच्यातून शंभर मूर्ती निघतात. संगणकातही असंच करता येतं. एका संगणकाची डिस्क नीट सजवायची आणि तिची जशीच्या तशी नक्कल एका मोठ्या फाइलीत भरून ठेवायची. या फाइलीला 'डिस्क इमेज' म्हणतात. इमेज म्हटलं तरी हा फोटो नव्हे बरं का! हा साचाच. आणि हे साचे सांभाळणारा, मागेल त्याला तारेवरून पाठवणारा जो एक संगणक असतो, तो इमेजिंग सर्व्हर.

१९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये या कामासाठी 'घोस्ट' नावाचा एक प्रोग्राम तयार झाला. घोस्ट म्हणजे भूत! १९९८ मध्ये तो एका मोठ्या अमेरिकन कंपनीनं विकत घेतला. पुढं २००७ मध्ये चक सिपर्स्की आणि जियान झँग या दोघांनी तसंच काम करणारा, पण सगळ्यांसाठी मोफत आणि खुला असा प्रोग्राम सुरू केला. त्याचं नाव 'फॉग'. हे ऐकून सातवीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, म्हणजे आधी भूत आणि मग धुकं! संगणक खोलीत जायचं का नाही आम्ही?"

फॉग लिनक्सवर चालतो. लिनक्सचं बीज १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लावलं. त्याची नक्कल काढायला, वाटायला, आत बदल करायला पूर्ण परवानगी असते. म्हणूनच एक साचा दहा संगणकांवर उतरवला तरी ती चोरी होत नाही. आपल्या महाराष्ट्रात २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वाडीतल्या शाळेत मुलांच्या हातात हिरवे-पांढरे लहान लॅपटॉप आले होते. त्यांच्याही आत लिनक्सच होतं. केरळात तर सरकारी शाळांनी कितीतरी वर्षांपूर्वी हाच मार्ग धरला. मग आपण का नाही? असं म्हणून मी पदर खोचला.

माझं शिक्षण डी.एड. संगणकाचा कोर्स केला तो टंकलेखनापुरता. लिनक्सची काळी खिडकी मी उघडली ती आयुष्यात पहिल्यांदा. एवढं लक्षात ठेवा आणि पुढं वाचा.

दिवस पहिला : एंटर, एंटर, एंटर

शाळेचा स्वतःचा एक संगणक होता, तो अकरावा. त्यालाच सर्व्हर करायचं ठरवलं. लिनक्स बसलं. फॉग उतरवून घेतला. त्याचा बसवणारा प्रोग्राम, म्हणजे इन्स्टॉलर, सुरू केला. तो एकेक प्रश्न विचारू लागला. सर्व्हरचा पत्ता हाच ठेवू का? इतरांना पत्ते वाटायचं काम मी करू का? प्रश्न इंग्रजीत. मी आपली एंटर, एंटर, एंटर. परीक्षेत प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी काय बोलते, ते माझ्या वर्गाला चांगलं ठाऊक आहे!

मध्येच एका जागी तो थांबला. पडद्यावर लिहिलेलं होतं की, ब्राउझरमध्ये अमुक पानावर जा, तिथलं बटण दाबून माहितीचे तक्ते तयार कर आणि मगच इथं येऊन एंटर दाब. मी शेवटचे दोनच शब्द वाचले. एंटर दाबलं. झालं! पुढच्या पायरीला गाडी अडखळून बंद.

मी घामाघूम. "बिघडलं!" म्हणून कपाळावर हात मारला. तेवढ्यात मागं उभी असलेली सहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्यात माग बंद पडला तर पप्पा आधी धागा कुठं तुटलाय ते बघतात."

मी वळून बघितलं. ती सांगू लागली. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तो बिघडलेला नसतो. 'बघ, इथं काहीतरी झालंय' असं सांगत असतो. मग कांडी संपली का, धोट्यात धागा अडकला का, उभ्या धाग्यांतला एखादा तुटला का, असं एकेक बघायचं. सापडला की गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू. "बीम उतरवून ठेवत नाहीत काय कुणी!"

मित्रांनो, या एका वाक्यानं मला पुढचे आठ दिवस तारलं. मी पडद्यावरचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला. फॉग आपल्या अडचणींची नोंद एका फाइलीत करून ठेवतो, ती उघडली. तिच्या शेवटच्या ओळींत माहितीच्या तक्त्यांचं नाव होतं. म्हणजे धागा तिथं तुटला होता. सांगितलेल्या पानावर गेले, बटण दाबलं, इन्स्टॉलर पुन्हा चालवला आणि फॉग बसला!

त्या दिवशी एक वही घातली. तीन रकाने पाडले : काय दिसलं, काय बदललं, मग काय झालं. नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि काम झालं, तर कुठल्या औषधानं ताप उतरला ते कळत नाही.

दिवस दुसरा : सर्व्हर घर बदलतो

रात्री लाईट गेली. सकाळी सगळं सुरू केलं, तर फॉगचं पान उघडेना. काल रात्री बरा होता, मग आज काय धाड भरली?

जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. आमच्या सर्व्हरला तो पत्ता इंटरनेटच्या राउटरनं दिलेला, १९२.१६८.१.७ असा. राउटर पत्ते भाड्यानं देतो. लाईट येऊन-जाऊन झाल्यावर त्यानं आमच्या सर्व्हरला सातच्या जागी बारा नंबर दिला. फॉग मात्र अजून सात नंबरच धरून बसलेला. पोस्टमन रोज घर बदलायला लागला तर गावानं पत्र कुठं टाकायचं?

सर्व्हरचा पत्ता कायमचा हवा आणि तो फॉग बसवायच्या आधी ठरवायला हवा. आत अजून काही महत्त्वाचं नव्हतं, म्हणून मी सगळं पुसून लिनक्स पुन्हा बसवलं, पत्ता पक्का केला आणि मग फॉग बसवला. पहिल्या वेळी अख्खा दिवस गेलेला. या वेळी वही समोर होती, तर तास-दीड तासात काम झालं.

दिवस तिसरा : अंगणातलं नाटक

आता खरी परीक्षा. दहांपैकी एक संगणक सुरू केला. तारेवरून सुरू हो, असं त्याला सांगितलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली : पीएक्सई-ई५३. अर्थ असा की, सुरू व्हायची फाइल कुठली ते मला कुणी सांगितलंच नाही.

हे मुलांना कसं समजावायचं? आणि आधी मला तरी कसं समजायचं? शेवटी अंगणात नाटक बसवलं. एक मुलगी झाली नवा संगणक. एक मुलगा राउटर. एक मुलगी फॉग. नव्या संगणकानं ओरडायचं, "मी जागा झालोय, माझं घर कुठं?" मग पत्ता देणाऱ्यानं दोन चिठ्ठ्या द्यायच्या. एकीवर पत्ता आणि दुसरीवर 'सुरू व्हायची फाइल अमक्याकडं आहे, तिचं नाव तमकं.' ती चिठ्ठी घेऊन संगणकानं फाइल मागायला जायचं. फाइल मिळाली की फॉगची यादी पडद्यावर येते.

आलं ना कोड्याचं उत्तर? तारेवरून जागा होणारा संगणक!

नाटक सुरू झालं. 'माझं घर कुठं?' म्हणताच राउटर झालेला पोरगा टुणकन उडी मारून पुढं आला आणि पत्त्याची चिठ्ठी देऊन मोकळा. दुसरी चिठ्ठी त्याच्याकडं नव्हतीच. त्या बिचाऱ्याला फॉग कोण तेच माहीत नाही. आणि फॉग झालेली मुलगी नुसती उभी. "तू का गं गप्प?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाई, मला कुठं कुणी पत्ते वाटायला सांगितलंय?"

अगदी बरोबर! इन्स्टॉलरनं विचारलं होतं, 'पत्ते वाटायचं काम मी करू का?' आणि न वाचता एंटर दाबलं की त्याचं उत्तर 'नको' असं धरलं जातं.

पण नुसतं 'कर' म्हणून भागणार नव्हतं. राउटरही पत्ते वाटणार आणि फॉगही. आमच्या विट्यात दसऱ्याला दोन पालख्यांची शर्यत लागते, तशी दोघांची शर्यत लागली असती. कधी हा पुढं, कधी तो. म्हणजे एकदा चालायचं आणि एकदा नाही. असला बिघाड शोधायला सगळ्यात अवघड.

फॉगला दिलेली आपली उत्तरं तो एका फाइलीत लिहून ठेवतो. त्यातलं जुनं उत्तर बदलून इन्स्टॉलर पुन्हा चालवला. मग राउटरकडून येणारी तार संगणक खोलीच्या स्विचमधून काढून टाकली. आता खोलीत पत्ते वाटणारा एकटा फॉग. (राउटरमध्ये ६६ आणि ६७ नंबरच्या रकान्यांत सर्व्हरचं आणि फाइलीचं नाव भरायची सोय असेल, तर राउटर न काढताही चालतं. आमच्या राउटरला ती नव्हती.)

संगणक पुन्हा सुरू केला. नवी ओळ! पीएक्सई-ई३२.

मुलांचे चेहरे पडले. मी मात्र टाळी वाजवली. मुलांना वाटलं, बाईंना काहीतरी झालं. अरे, काल ५३ होता, आज ३२ आहे. चूक बदलली म्हणजे गाडी एक स्टेशन पुढं आली! आता त्याला पत्ता मिळालाय आणि फाइलीचं नावही कळलंय. तो फाइल मागायला गेला, पण दार कुणी उघडलं नाही, एवढीच त्याची तक्रार. दार कुणी लावलं? मीच. कुठंतरी वाचून सर्व्हरची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, चालू केली होती. बाहेरच्या जगाची तार काढलेलीच होती, म्हणून ती भिंत बंद केली.

आणि पडद्यावर फॉगची यादी झळकली. खोलीत असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

दहांपैकी आठ संगणक असेच सुरू झाले. दोन जरा नव्या घडणीचे होते. ते ओळखीचा शिक्का नसलेली फाइल आत घेईनात. त्यांच्या सेटिंगमधला 'सिक्युअर बूट' नावाचा पहारेकरी बाजूला केला, तेव्हा तेही आले.

घरोघरी की दवंडी?

आता थोडं गणित. एक नंबरचा संगणक आम्ही छान सजवला आणि त्याचा साचा सर्व्हरवर घेतला. डिस्क मोठी असली तरी फॉग फक्त भरलेला भागच उचलतो आणि तोही दाबून लहान करतो. आमचा साचा झाला साधारण १० जीबी, म्हणजे १०,००० एमबी. आमचा जुना स्विच सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, बरोबर १२.५ एमबी. मग १०,००० भागिले १२.५ म्हणजे ८०० सेकंद. सव्वातेरा मिनिटांच्या आसपास! प्रत्यक्षात थोडा जास्तच वेळ लागतो, पण कुठं दोन तास आणि कुठं पाव तास.

एकेकाला वेगळा साचा पाठवला तर नऊ संगणकांना त्याच्या नऊपट वेळ, दोन तास. पण फॉगला दवंडी पिटता येते. तराळ पूर्वी घरोघरी जाऊन सांगत नसे. चावडीपाशी उभा राहून एकदाच ओरडे, आणि सारा गाव ऐके. तसाच साचा एकदाच तारेवर सोडायचा आणि सगळ्यांनी एकदम उचलायचा. मग नऊ जणांनाही तेवढाच पाव तास. याला मल्टिकास्ट म्हणतात.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण आता सांगते ते मनावर दगड ठेवून सांगते.

चार की आठ?

चार नंबरचा संगणक आम्ही आधीपासूनच वापरत होतो. त्यावर मुलांनी आपापल्या आज्यांकडून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या टाइप केल्या होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे मी वर्गात सांगितलं होतं. तेव्हापासून पोरांना नाद लागला होता. एक्केचाळीस ओव्या झाल्या होत्या. म्हणून ठरलं होतं की, चार नंबरवर साचा उतरवायचा नाही. आधी ओव्या दुसरीकडं काढून घ्यायच्या.

साचा उतरवला की डिस्कवरचं आधीचं सगळं जातं. विचारत नाही, थांबत नाही. हे मला माहीत होतं.

संगणकांवर नंबर मीच लिहिले होते, खडूनं, मराठीत. फॉगमध्ये नावं नोंदवायची ती इंग्रजी आकड्यांत. आता मराठी चार आठवा. खाली गाठ, वर दोन टोकं. वरची टोकं जरा जवळ आली की तो इंग्रजी आठासारखा दिसतो. घाईघाईत मी माझाच ४ आठ म्हणून वाचला आणि तो संगणक 'आठ' या नावानं नोंदवला. पुढं खऱ्या आठ नंबरपाशी आले, तर फॉग म्हणाला, 'हे नाव आधीच आहे.' मला वाटलं, झाली असेल नोंद आधीच. पुढं गेले.

धागा तुटला होता. फॉगनं सांगितलंही होतं. आणि मी ते वाचूनही वाचलं नव्हतं.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत मी 'आठ'वर साचा पाठवला. खोलीतला चार नंबरचा पडदा हलायला लागला. एक मुलगा ओरडला, "बाई, ओव्यांचा!" मी तार उपटली, पण तोवर डिस्कची सुरुवात पुसली गेली होती. अर्धवट उतरलेला साचा तेवढा राहिला. ओव्या गेल्या.

मुलं काही बोलली नाहीत. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं, "ही चूक संगणकाची नाही, फॉगची नाही. माझी आहे. मी वाचलं नाही, आणि दुसरी प्रत ठेवली नाही."

मग वह्या निघाल्या. सत्तावीस ओव्या वह्यांत लिहिलेल्या सापडल्या. उरलेल्या चौदा एका आजीनं शाळेत येऊन सांगितलेल्या आणि मुलांनी थेट टाइप केलेल्या. आजी आता लेकीकडं राहायला गेल्या होत्या. आम्ही फोन लावला. फोन टेबलावर ठेवून सगळा वर्ग भोवती बसला. आजींनी न कुरकुरता पुन्हा सांगितल्या, पण अकराच आठवल्या. त्यातल्या दोन तर आधीसारख्या नव्हत्या, असं टाइप करणाऱ्या मुलीचं म्हणणं. आधी कशा होत्या, ते तिलाही सांगता येईना. राहिलेल्या तीन कुणालाच आठवल्या नाहीत.

साचा कितीही वेळा उतरवता येतो. आजीच्या ओवीचा साचा मी घेतला नव्हता.

आता आमच्या खोलीत तीन नियम भिंतीवर लावलेत. मुलांनीच लिहिलेत. पहिला : पडद्यावरचं पूर्ण वाचा, मग बटण दाबा. दुसरा : प्रत्येक संगणकावर नंबर मराठी अक्षरांत लिहा, 'चार', 'आठ'; आणि त्याखाली त्याचा मॅक पत्ता. (हा कारखान्यातच दिलेला बारा खुणांचा नंबर असतो. तो बघितल्याशिवाय साचा पाठवायचा नाही.) तिसरा : जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती, आणि त्यातली एक त्या संगणकाच्या बाहेर. अडतीस ओव्या आता एका पेनड्राइव्हवर आहेत, आणि कागदावर छापून कपाटातही आहेत.

दहाही संगणक चालू आहेत. गेल्या महिन्यात कुणीतरी सहा नंबरचं सगळं पुसून टाकलं. पूर्वी मी डोक्याला हात लावला असता. या वेळी सातवीतल्या दोघींनी मॅक पत्ता ताडून पाहिला, आत कुणाचं काम नाही ना ते विचारून घेतलं, आणि मधल्या सुट्टीत साचा उतरवला. मी फक्त दारात उभी राहून बघत होते.

तुम्ही करून पाहा

वर्गात आमच्यासारखं नाटक करा : नवा संगणक, राउटर आणि फॉग. मग मुद्दाम एक चिठ्ठी लपवा आणि बाकीच्यांनी ओळखायचं, धागा कुठं तुटला. आणि एक गणित : स्विच दहापट वेगाचा घेतला, तर आमचा १० जीबीचा साचा किती सेकंदांत जाईल?

आणि हो, घरी आजी असेल तर आजच तिच्याजवळ वही घेऊन बसा. संगणक नंतर.

तुमच्या,
बाई